आमची वाटचाल: तपासणीच्या टेबलापासून रात्रीच्या शिफ्टपर्यंत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये टॉवेलच्या मागांचे सुटे भाग बनतात. त्यात मुख्य म्हणजे टेरी मोशनचा, म्हणजे टॉवेलवर लूप उठवणाऱ्या यंत्रणेचा कॅम, एक ठरावीक आकाराची फिरती चकती. सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याच्या अंगावरचा लूप कसा उठतो हे गावातल्याही फार जणांना ठाऊक नसतं. पहिले दोन आडवे धागे मागाची फणी थोडे अलीकडेच सोडते आणि तिसऱ्याबरोबर तिन्ही एकदम पुढे ठोकते. त्या ठोक्यासरशी सैल सोडलेला उभा धागा वर फुगतो, तोच लूप. फणी कुठं थांबणार हे कॅम ठरवतो. कॅम झिजला की लूप खालीवर होतात आणि माल परत येतो.

मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून मी 2004 साली एका जुन्या लेथवर सुरुवात केली. सुरुवातीला कारखानदार "साहेब कुठंयत?" विचारायचे. पुढे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारी मंडळीच थेट मला फोन करू लागली, "ताई, माग बंद पडलाय, कॅम द्या की लवकर." कामानं तो प्रश्न मिटवला, त्यावर अधिक लिहिण्यासारखं नाही.

लिहायचंय ते माझ्याच चुकीबद्दल. सीएनसी आणि व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी कापकामाची मशीनं आल्यावर मी मुद्दाम आयटीआय, डिप्लोमा झालेल्या मुली घेतल्या आणि सगळ्यांना तपासणीला बसवलं. हातात मायक्रोमीटर, समोर रजिस्टर. मुली नीटस काम करतात, म्हणून तिथं शोभतात असं मला मनापासून वाटायचं. मशीनचं सेटिंग, म्हणजे कटर आणि मापं लावणं, मात्र मुलांकडे. तीन वर्षांनी त्यातली सगळ्यात हुशार मुलगी पुण्याला निघाली. निरोप घेताना म्हणाली, "मॅडम, मुलांनी बनवलेलं मी किती वर्षं नुसतं मोजायचं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलींना नोकरी दिली याचा मला अभिमान होता, पण निर्णय एकीलाही दिला नव्हता.

पुढच्याच महिन्यात दुसऱ्या मुलीला व्हीएमसीवर घेतलं. आई विड्या वळायची, घरात तेलुगू, शिक्षण मराठीत. शेडमधली मुलं तिला अक्का म्हणतात. सहा महिन्यांत ती सेटर झाली आणि मग ते घडलं. चाळीस कॅमच्या बॅचमध्ये मध्येच कटर बदलला, पण मशीनच्या कंट्रोलमध्ये जुन्या, झिजलेल्या कटरचाच ऑफसेट, म्हणजे भरलेलं माप, राहिला. नवा कटर त्याहून 0.08 मिलिमीटरनं मोठा. आम्हाला चालतो फरक 0.02 चा. संध्याकाळी कॅम मोजायच्या डायलखाली ठेवला तर काटा सरळ बाहेर. बावीस कॅम भंगारात गेले.

ती रडली नाही. प्रत्येक तुकडा स्वतः मोजून तिनं आकडे लिहून काढले. घरातून आणि शेडमधून एकच सल्ला आला, तिला परत तपासणीला बसवा. मी जुनी रजिस्टरं काढली. असंच नुकसान मुलांनी तीनदा केलं होतं. तिन्ही वेळा मी ओरडले होते आणि दुसऱ्या दिवशी तोच मुलगा त्याच मशीनवर होता. मुलाची चूक म्हणजे अनुभव आणि मुलीची चूक म्हणजे पुरावा, असा हिशेब मीही करत आले होते. सकाळी मशीन तिच्याच ताब्यात दिलं. कटर बदलला की पहिला जॉब, म्हणजे तुकडा, मोजल्याशिवाय दुसरा लावायचा नाही, हा नियम तिनंच फळ्यावर लिहिला. तो अजून आहे.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना 1933 मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आधी नाकारलं, मग वर्षभराच्या उमेदवारीच्या अटीवर घेतलं. केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. ही गोष्ट मी नव्या मुलींना सांगते, कारण उमेदवारी सगळ्यांनाच करावी लागते. मुलाची कधीतरी संपते, मुलीची संपतच नाही, हे मात्र मला खुपतं.

यात कायद्याचाही भाग होता. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 66व्या कलमानं बायकांना सकाळी 6 ते संध्याकाळी 7 एवढ्याच वेळेत काम देता यायचं. हेतू सुरक्षिततेचा. पण मशीन बिघडतं रात्री, साहेब घरी असतात, निर्णय जागच्या जागी घ्यावा लागतो, आणि शिफ्ट इन्चार्ज तिथंच घडतो. रात्र न पाहिलेल्या बाईला वरची जागा देताना मालक कचरतो. महाराष्ट्रात पुढे अटींवर मुभा मिळाली. आम्ही ठरलेली रिक्षा लावली, शेडबाहेर दिवे वाढवले, अक्काच्या आईला एक रात्र शेडमध्ये आणून सगळं दाखवलं. चहा पिता पिता त्यांनी लेकीच्या मशीनला हात लावून पाहिला.

आज एकोणीस जणांत सात मुली आहेत, चौघी सेटिंग करतात, अक्का उत्पादन प्रमुख आहे. यंदा नवं व्हीएमसी घ्यायचं ठरलं. मी एक पसंत करून आगाऊ रक्कम द्यायला निघाले होते. तिनं हिशेब मांडला, त्याचा टेबल आपल्या मोठ्या कॅमला पुरणार नाही. दोन दिवस आमचा वाद चालला. शेवटी मी तिचं ऐकलं. तिनं निवडलेल्या मशीनसाठी शेडच्या मागच्या कोपऱ्यात पाया खणून झालाय, काँक्रीट येत्या सोमवारी.