३ वाजून ६ मिनिटं

१५ एप्रिल २०१४, मंगळवार. लिव्हरपूलच्या डायलिसिस युनिटमध्ये लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. दुपारची शिफ्ट सुरू होताना आमच्या सिस्टर इनचार्जनी सांगितलं की तीन ते तीन दहाच्या मधे कुणाला मशीनला लावायचं नाही, कुणाचं काढायचं नाही, औषधांची ट्रॉली फिरवायची नाही. मला वाटलं वीजेचं काहीतरी टेस्टिंग असेल. बाकी कुणी एक प्रश्न विचारला नाही.

डायलिसिसचे पेशंट आठवड्यातून तीनदा येतात, चार चार तास खुर्चीवर, त्यामुळे त्यांच्याशी आपलं नातं शेजाऱ्यासारखं होऊन जातं. आणि पहिल्या आठवड्यातच जवळजवळ प्रत्येकाने मला एकच गोष्ट विचारली होती, लाल की निळी? शहरातल्या दोन फुटबॉल टीम, लाल म्हणजे लिव्हरपूल, निळी म्हणजे एव्हर्टन. मुळात एव्हर्टनच आधी ॲनफिल्डच्या मैदानावर खेळायची, १८९२ ला जागामालकाशी भाड्यावरून वाजलं, टीम उठून पार्कपलीकडे गुडिसनच्या मैदानावर गेली आणि रिकाम्या मैदानासाठी मालकाने नवी टीम काढली, ती लिव्हरपूल. म्हणजे हे भांडण भाऊबंदकीचं आहे, आणि ते तसंच भांडतात, एकाच घरात एक भाऊ लाल आणि दुसरा निळा. आमच्याकडे खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांवर एक निळे आजोबा आणि एक लाल बाई शेजारी शेजारी असायचे, रक्त फिरत असतानाही तोंडाचा पट्टा चालू.

माझ्याकडून आधी एक चूक झाली होती. पेशंटना वाचायला म्हणून मी स्टेशनवरून चार पेपर आणले, त्यात 'द सन' होता. सिस्टरनी तो घडी घालून कचऱ्यात टाकला, रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, हा या शहरात आणायचा नाही गं. तेव्हा मी विचारून घेतलं. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर एफए कपची, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल स्पर्धेची, सेमीफायनल होती, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी गेट उघडलं, पण आत आधीच गच्च भरलेल्या मधल्या भागाकडे जाणारा बोगदा बंद केला नाही, लोक तिकडेच लोटले गेले आणि पुढचे जाळीवर चिरडले. ३ वाजून ६ मिनिटांनी मॅच थांबवली. मेलेल्यांचा आकडा २०१४ मध्ये ९६ होता, २०२१ मध्ये त्या दिवसाच्याच इजांमुळे आणखी एकजण गेला, आता ९७ म्हणतात. आणि घटनेला चार दिवस होत नाहीत तोवर या पेपरने पहिल्या पानावर छापलं की चाहत्यांनी मेलेल्यांचे खिसे कापले. धादांत खोटं. पहिल्या पानावर माफी मागायला त्यांना २०१२ उजाडावं लागलं, चौकशीचा रिपोर्ट बाहेर आल्यावर.

मला विचाराल तर या शहराला आजचं रूप त्या खोटेपणाने दिलं. शिव्या लाल टीमच्या लोकांना पडल्या होत्या पण झोंबल्या सगळ्यांना, निळ्यांनीही तो पेपर घरात येऊ दिला नाही. आठवडाभरात गुडिसनपासून ॲनफिल्डपर्यंत पार्कातून लाल निळे स्कार्फ एकमेकांना बांधून रांग केली होती लोकांनी.

तर तीन वाजले. टीव्हीवर ॲनफिल्डची हिल्सबरोच्या आठवणीतली प्रार्थना चालू होती, एव्हर्टनचे मॅनेजर रोबेर्तो मार्तिनेझ तिथे बोलले आणि लाल स्टेडियमने त्यांना उभं राहून टाळ्या दिल्या, आमच्या लाल बाई पण मोकळ्या हाताने मांडीवर थाप मारत होत्या. मग ३:०६. युनिट एकदम गप्प. मशीनचे पंप फिरत होते तेवढाच आवाज, एरवी तो कधी ऐकूच येत नाही. खिडकीतून बस थांबलेली दिसत होती, ड्रायव्हर खाली उतरून उभा.

आणि अलार्म वाजला. आजोबांचा. त्यांनी टोपी काढायला हात उचलला होता, आणि नेमका सुया असलेला फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेला, कोपरात वाकल्याबरोबर व्हीनस प्रेशर, म्हणजे शरीरात परत जाणाऱ्या रक्ताचा दाब, वर गेलं आणि पंप थांबला. पंप थांबलेला ठेवता येत नाही, लाइनमध्ये रक्त गोठतं. मी धावले, आवाज बंद केला, हात सरळ करून सुया बघितल्या, रीसेट केलं, पंप फिरला. पण हात थरथरत होता, सोडला असता तर परत वाकला असता, म्हणून उरलेला वेळ मी मनगट धरूनच उभी राहिले. टोपी त्यांच्या मांडीवर पडली होती, निळी.

शिफ्ट संपताना सुया काढल्यावर बोटाने दहा मिनिटं दाबून धरावं लागतं, तेव्हा ते स्वतःहून बोलले. १९८९ च्या त्या दिवशी दुसरी सेमीफायनल होती, बर्मिंगहॅमला, एव्हर्टनने नॉर्विचला १-० हरवलं होतं आणि ते तिथे होते. परतीच्या बसमध्ये गाणी चालू होती, मग ड्रायव्हरने रेडिओ मोठा केला. धाकटा भाऊ लाल होता, हिल्सबरोला गेलेला. मोबाईल नव्हते, हायवेवरच्या फोनसमोर ही रांग, आणि रांगेत कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. घरी पोचले तर आई दारातच उभी, कोट घालून, कुठे जायचं ते माहीत नसताना. भाऊ मध्यरात्रीनंतर आला. नंतर तो कधीच स्टेडियममध्ये गेला नाही. त्याचं तिकीट मी काढायचो दरवर्षी, म्हणाले, लाल टीमचं तिकीट, मी निळा माणूस, वाटायचं एखाद्या वर्षी येईल.

मला काय बोलावं कळेना, मी नुसती दाबून धरून होते, दहा मिनिटांच्या वर झाली असतील.

गुरुवारी दोघं परत शेजारी शेजारी. आदल्या रात्री गुडिसनवर क्रिस्टल पॅलेसने एव्हर्टनला ३-२ हरवलं होतं. मी अजून आजोबांच्या हाताला सुईसुद्धा लावली नव्हती, तोवर बाईंनी अख्ख्या युनिटला ऐकू जाईल असा स्कोअर सांगितला आणि आजोबा म्हणाले, सिस्टर, माझी खुर्ची बदला.

बदलली नाही. त्यांनीही परत विषय काढला नाही.