देवदिवाळी नक्की कधी?

बडोद्यात 'देवदिवाळीला घरी या' असं आमंत्रण आलं की आधी विचारून घ्यावं, कोणती देवदिवाळी? शेजारच्या गुजराती घरची असेल तर कार्तिकी पौर्णिमा. त्याच दिवशी नरसिंहजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो. महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या काकूंची असेल तर मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा. मध्ये अख्खा पंधरवडा. नाव एकच असल्यामुळे आपण चुकतोय ही शंकाच येत नाही. दिवासो आणि दिव्याची अवस यांचं उलटं आहे: नावं दोन, दिवस एकच, आषाढी अमावास्या.

देशाची ओळख धर्मावर उभी आहे की नाही, यावर दांडिया बाजारातल्या कुठल्याही ओट्यावर तासभर वाद रंगेल. पण वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांना शेजाऱ्याचा सण कसा ठरतो ते सांगता येईल? धार्मिक साक्षरता माझ्या मते इथून मोजावी. स्तोत्र पाठ असणं ही झाली श्रद्धा. पंचांग वाचता येणं ही साक्षरता, आणि तिला श्रद्धा लागतेच असं नाही.

सण समोर आला की पहिलं बघायचं, तो चंद्रावर चालतो की सूर्यावर. उत्तरायण सूर्यावर, म्हणून १४-१५ जानेवारी सोडून हलत नाही. चंद्रावर असेल तर महिना कुठे संपतो ते बघा. मराठी आणि गुजराती महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतीय पौर्णिमेला. म्हणून मकरपुऱ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या उत्तर प्रदेशच्या माणसाचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि आपला त्यानंतर पंधरा दिवसांनी. नियम सोपा आहे: शुद्ध पक्षात सगळ्यांचं महिन्याचं नाव जुळतं, वद्य पक्षात त्यांचं एक महिना पुढे असतं. आपली श्रावण वद्य अष्टमी तीच त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी. कृष्णजन्म एकाच रात्री.

सगळ्यात जास्त घोळ वर्षाच्या आकड्यात होतो. आपला शक गुढीपाडव्याला बदलतो, तेव्हापासून डिसेंबरअखेर इसवी सनातून ७८ वजा करायचे, जानेवारी ते पाडवा ७९. गुजराती विक्रम संवत बदलतं बेसता वर्षाला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पाडव्याला. तिथून डिसेंबरअखेर ५७ मिळवायचे, एरवी ५६. उत्तरेकडे मात्र विक्रम संवत चैत्रातच बदलतं. त्यामुळे चैत्र ते दिवाळी एकाच विक्रम संवताचे दोन आकडे चालू असतात: जून २०२५ मध्ये इथे २०८१, तिकडे २०८२, आणि आपल्या कालनिर्णयात शके १९४७. जुन्या दस्तऐवजावर नुसतं 'संवत' दिसलं आणि डोळे मिटून ५७ वजा केले की एका वर्षाची चूक होते.

चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५ चं. दरवर्षीची ही अकरा दिवसांची तूट आपण साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास घालून भरतो. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ. हिजरी कालगणनेत अधिक मास नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. पारशांच्या शहेनशाही वर्षाचं आणखी निराळं: दिवस बरोबर ३६५, लीप दिवस नाहीच, म्हणून त्यांचं नववर्ष दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडे येतं. सध्या ते ऑगस्टच्या मध्यावर आहे.

आणि भाद्रपद शुद्ध चतुर्थी. आपल्याकडे मोदक उकडत असतात, तेव्हा त्याच जिन्यावरच्या श्वेतांबर जैन घरात बहुधा संवत्सरीचा उपवास असतो. काही जण ती पंचमीला पाळतात. त्या दिवशी ताट घेऊन जाण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं.

आता देशाकडे या. राज्यघटनेची उद्देशिका हिंदीत वाचा: २६ नोव्हेंबर १९४९ पुढे कंसात 'मार्गशीर्ष शुक्ला सप्तमी, संवत् दो हजार छह विक्रमी' असं छापलेलं आहे. मराठीत नुसती तारीख. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेला 'सेक्युलर' हा शब्द तर बडोद्यातलं पोर तीन तऱ्हांनी वाचतं: मराठीत धर्मनिरपेक्ष, हिंदीत पंथनिरपेक्ष, गुजरातीत बिनसांप्रदायिक. तिन्हींची छटा वेगळी, आणि निम्मे वाद आपण कुठला शब्द डोक्यात धरून बोलतोय तिथेच जन्मतात.

उद्देशिकेवर विक्रम संवत, पण सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी निवडला शक. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या दिनदर्शिका सुधारणा समितीसमोर देशातल्या सुमारे ३० कालगणना होत्या. त्यातून २२ मार्च १९५७ ला, १ चैत्र १८७९ ला, एक सौर दिनदर्शिका लागू झाली. वैशाख ते भाद्र पाच महिने ३१ दिवसांचे, बाकीचे ३० चे. लीप वर्षी चैत्रही ३१ चा आणि सुरुवात २१ मार्चला. राजपत्रावर इंग्रजी तारखेसोबत हीही तारीख असते. गोची एवढीच की महिन्यांची नावं चांद्र महिन्यांचीच ठेवली. १५ ऑगस्ट दरवर्षी २४ श्रावण, मग घरातल्या पंचांगात अजून अधिक श्रावण का असेना. सण मात्र सरकारने त्यात कोंबले नाहीत, ते तिथीवरच राहिले. मला हा शहाणपणा वाटतो.

हे शाळेत शिकवायला शिक्षक बिचकतात. अनुच्छेद २८ ने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मोपदेश देण्याला मनाई केली आहे. धर्मांविषयी माहिती देण्याला मनाई नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केलं. सयाजीरावांच्या राज्यात तर १९१५ मध्ये पुरोहितांसाठीच कायदा झाला: पौरोहित्य करायचं तर परीक्षा देऊन परवाना घ्या. मंत्र म्हणणाऱ्याला त्याचा अर्थ कळावा, ही अपेक्षा. भटजींना तेव्हा ती रुचली नसणार हे उघड आहे.

ज्यांना मराठ्यांच्या इतिहासाचा अभिमान आहे त्यांनी मोडी कागदावरची तारीख एकदा लावून पाहावी. वर्ष सुहूर सनात, अरबी शब्दांत, तेही उलटं, एकं आधी: 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, ११६१. पुढे तारखेची खूण म्हणून 'छ' आणि बहुधा मुसलमानी महिना. हे साल जूनमध्ये मृगाला बदलतं, म्हणून जून ते डिसेंबर ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मे ६००. नवशिके सरसकट ५९९ मिळवतात आणि पानिपत १७६० मध्ये नेऊन ठेवतात. ११६१ अधिक ६००, १७६१. १४ जानेवारी, शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार.