स्पीकर चांगले होते, हॉल वाईट निघाला

गुरुवारी रात्री डॉक्टरसाहेबांच्या पार्किंगमधून दोन स्पीकर, दोन स्टँड आणि केबलची एक पिशवी घेऊन निघालो आणि लातूरच्या रस्त्यावर आयुष्यात पहिल्यांदा गाडी वीसच्या स्पीडनं चालवली. स्पीकर म्हणजे हार्बेथ या ब्रिटिश कंपनीचे कॉम्पॅक्ट ७. त्यांना विकायचेत, मला घ्यायचेत (म्हणजे परवडत नाहीत, पण घ्यायचेत). साहेब म्हणले, "माझ्याकडं ऐकून काही कळणार नाही तुम्हाला, घरी लावून ऐका, नाही पटलं तर सोमवारी आणून द्या." मला वाटलं माणूस नम्र आहे म्हणून असं बोलतोय.

घरात आणल्या आणल्या बाबांनी त्यावर टरबूज बघतात तसं बोटानं वाजवून बघितलं. "पोकळ हाय लेका."

आता हे खरंय, पोकळच वाजतात, पण ते मुद्दाम तसे केलेत. बीबीसीच्या इंजिनियर लोकांचं म्हणणं असं होतं की पेटी जाडजूड आणि ताठ केली तर तिचा स्वतःचा आवाज नेमका माणसाच्या आवाजात मिसळतो आणि कानाला टोचतो, त्यापेक्षा पातळ फळ्यांची, आतून जड पट्ट्या चिकटवलेली, पुढचं-मागचं झाकण स्क्रूनं कसलेली पेटी बरी, थरथरली तरी खालच्या सुरात थरथरते आणि लगेच गप्प बसते. त्याच बीबीसीतून बाहेर पडलेल्या डडली हार्वुड यांनी १९७७ साली ही कंपनी काढली, आणि हार्बेथ हे नाव म्हणजे हार्वुडमधला हार आणि बायको एलिझाबेथमधला बेथ. हे मी बायकोला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती म्हणली, "त्यांनी बायकोचं नाव दिलं, तुम्ही बायकोचा शोकेस हलवायलात." बाबांनी तोवर किंमत विचारून सोयाबीनच्या भावानं भागाकार केला होता, आलेला आकडा ऐकून घरात कुणीच काही बोललं नाही.

पहिली रात्र फार भारी गेली. आवाज असा पसरला होता की भिंती दिसेनात, मी बायकोला उठवून आणलं, मित्राला फोन लावून रिसिव्हर स्पीकरपुढं धरला (काय ऐकू येणार त्याला, पण धरला). बास जरा कमी वाटला, पण म्हणलं हाय-एंड माल असाच सभ्य असतोय. शुक्रवारी सकाळी सहज एक जुनं मोनो गाणं लावलं. मोनोमध्ये दोन्ही स्पीकरला सारखाच माल जातो, म्हणजे गायिका दोन स्पीकरच्या बरोब्बर मधोमध उभी राहायला पाहिजे, तिथं काहीच नाही अशा हवेत. ती कुठंच नव्हती. थोडी डाव्या कानात, थोडी उजव्या, थोडी माझ्या मानेमागं. मागं जाऊन बघतो तर उजव्या स्पीकरला लाल वायर काळ्यात आणि काळी लालमध्ये. एक पडदा पुढं येतोय तेव्हा दुसरा मागं जायलाय, दोघं मिळून बास खाऊन टाकायलेत. म्हणजे आदल्या रात्री मी तीन तास ज्याच्यावर "स्पेस बघ काय हाय" करत बसलो ती माझीच चूक होती. मित्राला हे अजून सांगितलेलं नाही.

वायर सरळ केली. गायिका मधोमध आली, तोंड कुठल्या उंचीवर आहे तेसुद्धा कळायला लागलं. आणि बास आला. असा आला की शोकेसमधल्या कपबशा बोलायला लागल्या.

आता हा बास स्पीकरचा नव्हता, हॉलचा होता. आमचा हॉल सोळा बाय बारा, उंची दहा फूट, वर आरसीसी स्लॅब, खाली टाइल्स, एका भिंतीला काच, म्हणजे बाथरूमच, फक्त सोफा टाकलेला. एप्रिलच्या आमच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर पळतो. सोळा फूट म्हणजे ४.९ मीटर, जाऊन-येऊन ९.८, भागाकार केला की ३६ हर्ट्झच्या आसपास एक सूर निघतो जो त्या दोन भिंतींमध्ये अडकून बसतो, आणि त्याचा मोठा भाऊ दुपटीवर, ७२ला. तबल्याच्या डग्ग्यावर हाताचा तळवा घासत घुमारा वर नेतात ना, तो घुमारा चढता चढता एका जागी आला की अख्खा हॉल हूंऽऽ करायचा आणि पुढं गेला की गप्प. वादकानं तसं वाजवलेलं नव्हतं, ते आमच्या बिल्डरनं वाजवलेलं होतं. त्यात आमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, आणि भिंतीपाशी हे सगळे अडकलेले सूर सगळ्यात जास्त साचतात.

सोफा पुढं ओढला. चार फुटावर आणला तर डग्गा एकदम वाळून गेला, कारण सोळा फुटातले चार म्हणजे पाव, आणि तो ७२वाला नेमका पाव लांबीवर मरतो. मग तीन, मग अडीच, मग परत पावणेतीन. टाइल्सवर खडूनं खुणा केल्या. बायको म्हणली, "लगोरी मांडली का?"

दुसरं दुखणं टाळीचं. हॉलच्या मध्ये उभं राहून टाळी वाजवली की मागोमाग ट्रर्रर्र असं पत्र्यासारखं यायचं, समोरासमोरच्या दोन भिंती ती टाळी एकमेकींकडं फेकायच्या. इथं मुलीला कामाला लावलं. मी खुर्चीत बसायचो, ती आरसा भिंतीला लावून सरकत जायची, आरशात मला ट्विटर (स्पीकरमधला बारीक सुरांचा छोटा गोल) दिसला की "थांब!", तिथं पेन्सिलीची खूण. स्पीकरचा आवाज भिंतीवर आपटून थेट आपल्याकडं येतो ती जागा हीच. बाजारात यासाठी फोमचे पॅनल मिळतात, पण आमच्या माळ्यावर आईच्या हातच्या चार वाकळा होत्या, जुन्या लुगड्यांच्या, एकेक पाच-सहा किलोची. दोन बाजूच्या भिंतींवर दोन टांगल्या, काचेपुढं एक, आणि स्पीकरपुढं खाली जाजम. ट्रर्रर्र गेलं. गाणाऱ्याच्या आवाजातला "स" जो सुरीसारखा लागायचा तोही मवाळ झाला. मी महिनाभर ज्याला अँप्लिफायरचा दोष समजून शिव्या घालत होतो तो दोष तीन वाकळांनी काढला, आणि वाकळा कपाटाखालच्या पेटीत वास धरून पडल्या होत्या (माळ्यावर नाही, आत्ता आठवलं, माळ्यावर कूलरच्या ताट्या होत्या).

कूलरवरनं आठवलं. कूलर चालू ठेवून असले स्पीकर ऐकणं म्हणजे पावसात उभं राहून अत्तर लावणं. कूलर बंद, पंखा बंद कारण रेग्युलेटरची भुणभुण, इन्व्हर्टरवर तर विचारूच नका, लाईट गेली की अँपचा ट्रान्सफॉर्मर मधमाशीचं पोळं असल्यासारखा गुणगुणायचा. शेवटी ऐकायची वेळ उरली रात्री दीडनंतरची, तीही गल्लीत हळदीचा डीजे नसेल तर. अंगावर नुसती बनियन, घामाच्या धारा, आणि समोर कुमार गंधर्व. क्षयानं एक फुफ्फुस निकामी झालेला माणूस, हे आपण शंभर ठिकाणी वाचलेलं असतंय, पण ते श्वास कुठं घेतात, किती पटकन घेतात, तान मध्येच कशी तोडून बाजूला ठेवतात आणि परत उचलतात, हे मला त्या रात्री शनिवारी कळलं. मागं दोन तानपुरे, दोघांची जवारी (तारेची झणझण) वेगळी, एक जरा मधाळ आणि एक जरा करकरीत. इतकी वर्षं मला तो एकच तानपुरा वाटत होता.

स्पीकर रिव्हीलिंग आहे, म्हणजे सगळं उघड करून दाखवतो, असं म्हणतात ते हेच, पण ते फक्त चांगलंच दाखवत नाही. सायबर कॅफेच्या जमान्यात जमवलेलं माझं १२८वालं (म्हणजे फाईल लहान करायला आवाज दाबून भरलेलं) एमपीथ्रीचं भांडार, चार हजार गाणी, या स्पीकरवर उघडं पडलं. भजनातले टाळ टाळ वाटेनात, कुणीतरी बादलीत हात घालून पाणी ढवळायलंय असं वाटायचं. त्यातली निम्मी गाणी मी डिलीट केली. निम्मी नाही केली, आवाज कसाही असला तरी ती आपली आहेत.

रविवारी दुपारी बाबा झोपलेले म्हणून कमी आवाजात आजोबांची कॅसेट लावली. मागंच लॅपटॉपवर उतरवून ठेवली होती, १९८९ सालचं भजन, औसा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी टू-इन-वनवर भरलेलं. ते घर आता नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माळवद खाली आलं. दगडमातीच्या दोन-तीन फुटी भिंती आणि वर मातीचं एवढं ओझं, त्यानंच त्या रात्री माणसं गेली, आमच्या घरातले नशिबानं अंगणात झोपले होते. पण ऐकायला तसली खोली आता मिळणार नाही. भिंती ओबडधोबड, वर लाकडी तुळया, आवाज कुठं आपटून परत यायला सरळ जागाच नाही.

ब्लूटूथच्या डब्यावर ती कॅसेट म्हणजे नुसता खरखराट होता. इथं खरखर होतीच, उलट जास्तच, पण ती पुढं एका पातळ पडद्यासारखी राहिली आणि मागं माणसं बसलेली. मोनो टेप, डावं-उजवं काही नसतंय, पण जवळ-लांब असतंय. पेटीच्या भात्याचा फस्स, कुणाचा तरी खोकला, आणि मध्येच एकजण, "चालू हाय का रं ते?"

बाबा कधी उठून दारात आले कळलं नाही. म्हणले, "हे माजघरात नाही भरलेलं."

मी म्हणलं, "आजोबा तर सांगायचे माजघरात बसले होते म्हणून."

"ढेळजेत बसलेत सगळे. माजघरात टाळ असा वाजत नव्हता, बसका वाजायचा. ही कडी ऐक, ही दिंडीदरवाजाची कडी हाय, कुणीतरी आत आलंय बघ."

परत मागं घेतलं. होती कडी. मी ती कॅसेट पन्नासदा ऐकली असेल. बाबा खुर्ची ओढून खडूच्या खुणेवर बसायला लागले, मी म्हणलं जरा पुढं, ते पुढं सरकले, आणि परत लाव म्हणले. तीनदा लावली. तिसऱ्यांदा आत आलेला माणूस कोण असेल यावर त्यांनी दोन नावं काढली, मग एक कॅन्सल केलं, कारण तो तेव्हा पुण्याला होता.

चहा आला तेव्हा त्यांनी विचारलं, "हे परत कधी द्यायचेत म्हणलास?"

"सोमवारी."

"कोणत्या?"