मे महिन्यातल्या पागोळ्या

आमच्या हौशी सिनेमासाठी रात्री आठला वाड्यात पावसाचा एक शॉट घ्यायचा होता. ओट्यावर आजी बसलेल्या, पुढे अंगणात धो धो पाऊस. महिना मे, पाणी टाकीतलं, कॅमेरा म्हणजे फोन.

आधी नळीला शॉवरचं तोंड लावून पाणी सोडलं. थेंब इतके बारीक, की फोनवर नुसतं धुकं दिसलं. मग अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपला दर चार इंचांवर दोन मिलिमीटरची भोकं पाडली आणि तो कौलांच्या कडेला बांधला. भोकं खाली केली की पाण्याच्या सरळ तारा लोंबतात. तोंडं वर ठेवली की पाणी हातभर उडतं, फुटतं, सुटे थेंब होऊन पडतं. टाकीचं प्रेशर पुरेना, म्हणून अर्ध्या एचपीचा पंप जोडला.

तरी पाऊस दिसेना, कारण दिवा कॅमेऱ्याच्याच बाजूला होता. थेंब मागून उजेड आला की चमकतो. ५० वॅटचा एलईडी फ्लडलाइट अंगणापलीकडे, फ्रेमच्या जरा बाहेर नेला, समोरची पांढरी भिंत काळ्या ताडपत्रीने झाकली, आणि सर दिसू लागली. वायरचा जोड ओल्यात नको. बोर्ड घरात, तोही ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवर. इथे हयगय चालत नाही.

फोनवर सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) लॉक. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे या शटरला दिवे लुकलुकत नाहीत आणि थेंबाची रेघ उमटते. १/५०० ला नुसते ठिपके येतात.

चौथ्या टेकला पंप बंद झाला, फोन चालूच होता. कौलांवरून पागोळ्या गळत राहिल्या, एकेक, सावकाश, वीसेक सेकंद. आजींनी तळहात पुढे करून एक थेंब झेलला. पटकथेत इथे दोन वाक्यं होती, ती तिथल्या तिथे खोडली. धंद्याच्या शूटिंगला शिफ्टचं घड्याळ असतं, ठरलेला संवाद गाळायचा तर कधी निर्मात्यालाही विचारावं लागतं. इथे लिहिणारा, फोन धरणारा आणि पंपापाशी बसलेला एकमेकांकडे बघून ‘हो’ म्हणाले, झालं. एवढ्यासाठीच हौशी सिनेमा करावा.

पंपाच्या घरघरीमुळे मूळ आवाज टाकावा लागला. पावसासाठी भजी तळतानाचा आवाज घेतला, फोन कढईपासून दोन हातांवर धरून. पागोळ्यांसाठी तांब्याच्या घंगाळात चार बोटं पाणी आणि वरून ओल्या फडक्याचे थेंब.