टपटप बंद!

आठवडाभर रात्री नळाची टपटप ऐकून शेवटी आज पाना हातात घेतला. आधी मेन कॉक बंद करायचा असतो, हे अर्थातच नळ खोलल्यावर आठवलं. शर्टासकट आंघोळ! दोष निघाला आतल्या रबरी वॉशरचा. झिजून पार चपटा झालेला. जुना दाखवून त्याच मापाचा आणला, 10 मिनिटांत बसवला. पण घाईत अख्खा नळच भिंतीतून काढला होता (गरजच नव्हती), तिथे पाझर सुरू. टेफ्लॉन टेप (नळाच्या आट्यांतून पाणी झिरपू नये म्हणून लावायची पातळ पट्टी) मी उलटी गुंडाळलेली! आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून गुंडाळायची. मग आवळताना सुटत नाही. आता नळ गप्प आहे. खाली बादली मात्र अजून ठेवलीय.