ताडोबाची जिप्सी, १/२४ : चेसिस जुळली, आता बाकडी

कापाकापी संपली. हासेगावा या जपानी कंपनीच्या १/२४ प्लास्टिक मॉडेल किटमधल्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या) सुझुकी जिम्नी जेए-११ ची बॉडी आणि चेसिस दोन्ही आता मारुती जिप्सी किंगच्या लांबीला आली आहेत, आणि ड्राय फिटमध्ये (न चिकटवता जुळवून पाहताना) चारही चाकं काचेवर सपाट टेकली. जिप्सी करायची इच्छा आपल्यापैकी बऱ्याच जणांना आहे, मनासारखं तयार किट मिळत नाही म्हणून ती तशीच राहून जाते. तेव्हा या वेळी मापं नीट लिहून ठेवतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मला करायची आहे ती ताडोबात सफारीला फिरते तशी उघडी गाडी. छप्पर नाही, पुढे ड्रायव्हर आणि गाइड, मागे चढत्या उंचीची दोन बाकडी, एकूण सहा पर्यटक. शोरूममधली चकचकीत जिप्सी मला नको होती. मोहर्ली किंवा कोलाऱ्याच्या गेटवर दिसते ती, वापरून मुरलेली गाडी हवी होती.

जिम्नीच का? कारण दोघींचं घराणं एकच. १९८५ च्या डिसेंबरात आलेली जिप्सी म्हणजे सुझुकी एसजे-४१० ची लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) आवृत्ती, ९७० सीसीची. जेए-११ ही त्याच पिढीची, जपानच्या केई (छोट्या गाड्यांच्या) नियमात बसवलेली गाडी. दार, पत्र्यांचे सपाट कोन, लीफ स्प्रिंगवरची शिडीसारखी चेसिस, सगळं ओळखीचं. शिवाय जपानी किट असल्यामुळे स्टिअरिंग उजवीकडे! युरोपीय गाडी भारतीय करताना डॅशबोर्ड उलटा करण्यात जो जीव जातो, तो इथे वाचतो.

फरक आहे तो प्रमाणात, आणि माझ्या मते या बिल्डचं खरं काम तेवढंच आहे. जेए-११ चा व्हीलबेस २०३० मिमी, जिप्सीचा २३७५. फरक ३४५ मिमी, म्हणजे १/२४ मध्ये १४.४ मिमी. एकूण लांबीत जिप्सी ४०१० आणि जेए-११ ३२९५, म्हणजे मॉडेलवर जवळपास ३० मिमीची वाढ. त्यातले १४.४ व्हीलबेसला गेल्यावर उरलेले १५ च्या आसपास मिमी मागचा ओव्हरहँग (मागच्या चाकापलीकडचा भाग) आणि बंपर यांत वाटले जातात. सगळी लांबी दार आणि मागचं चाक यांच्यामध्येच घातली तर गाडी पोटात ताणल्यासारखी दिसते. जिप्सीची मागची बाजू चाकाच्या मागेही लांब आहे, आणि ती तशी दिसली तरच गाडी जिप्सी वाटते.

ही वाटणी ठरवायला फोटो लागतात, पण कसेही काढलेले चालत नाहीत. गाडीपासून लांब उभं राहून झूम करायचं आणि कॅमेरा चाकाच्या हबच्या (मध्याच्या) उंचीवर ठेवायचा. जवळून मोबाइलने काढलेल्या फोटोत जवळचं चाक फुगतं आणि सगळी मापं बिघडतात. फोटो छापताना दोन हबमधलं अंतर बरोबर ९९ मिमी येईल असा आकार ठेवला (२३७५ भागिले २४ म्हणजे ९८.९६). मग त्या कागदावर पट्टी ठेवून जे मोजाल ते थेट मॉडेलचं माप. व्हीलबेससारखं एक खात्रीचं माप हातात असलं की बाकीची सगळी त्यातून निघतात.

बॉडी दोन ठिकाणी कापली: दाराच्या मागच्या शटलाइनला (दार मिटतं त्या फटीला) लागून, आणि मागच्या व्हील आर्चच्या (चाकावरच्या कमानीच्या) पाठीमागे. त्याआधी छप्पर उतरवलं आणि दारांवरच्या खिडक्यांच्या चौकटी काढल्या. सॉफ्ट टॉप जिप्सीत समोरच्या काचेची चौकट बॉडीपासून वेगळी असते, खाली बिजागऱ्या दिसतात. म्हणून किटचे पुढचे खांब ठेवले नाहीत, चौकट स्टायरीनच्या (किटचंच प्लास्टिक) पट्ट्यांची नव्याने केली.

भरायला १ मिमी स्टायरीन शीट, आतून आधाराला रुंद पट्ट्या. जोडाला फेवीक्विक अजिबात वापरलं नाही. ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं, घासताना आजूबाजूचं प्लास्टिक आधी झिजतं आणि जोडावर उंचवटा राहतो, मग रंगाखाली तो हमखास दिसतो. टामिया एक्स्ट्रा थिन हा प्लास्टिकचा पातळ सिमेंट फटीत आपोआप ओढला जातो, दोन्ही कडा विरघळवतो, आणि सगळा भाग एकसारखा घासता येतो. मात्र थांबावं लागतं. आतलं सॉल्व्हंट पूर्ण उडायच्या आत वॉटर पेपर फिरवलात तर जोड नंतर खचतो. राहिलेल्या बारीक ओरखड्यांना गाड्यांच्या रंगाच्या दुकानातली एन.सी. पुट्टी, पातळ थरात. आधी ४००, मग ८०० चा पेपर.

चेसिसचं काम तुलनेने सरळ. दोन्ही रेल (चेसिसचे लांब दांडे) कापून प्रत्येकीत १ मिमी पितळी तार पिन म्हणून घातली आणि काचेवर गुण्यात धरून चिकटवलं. या गाडीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून सुटा असतो, त्यामुळे वाढलेली लांबी फक्त मागच्या प्रॉपेलर शाफ्टला (तिथून मागच्या अॅक्सलकडे जाणाऱ्या दांड्याला) द्यावी लागते. पुढचा भाग जसाच्या तसा राहिला.

ट्रॅकवर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरावर, मात्र रेंगाळलो, आणि तो वेळ सत्कारणी लागला असं वाटतं. सुरुवातीच्या जिप्सीचा ट्रॅक पुढे १२१० आणि मागे १२२० मिमी होता. १९९३ मध्ये वाइडट्रॅक आली तेव्हा तो १३०० आणि १३१० झाला. १९९६ ची १२९८ सीसीची किंगही याच रुंद ट्रॅकवर उभी आहे. ९० मिमीचा हा फरक १/२४ मध्ये पावणेचार मिमी भरतो. ऐकायला किरकोळ, पण समोरून पाहिल्यावर गाडीची उभं राहण्याची ढबच त्यावर ठरते. माझ्या अॅक्सलची मापं आता पुढे ५४.२ आणि मागे ५४.६ मिमी आहेत. त्या हिशेबाने व्हील आर्चवर स्टायरीनचे थर चढवून ते बाहेर आणले, एकूण रुंदी १५४० ला धरून, म्हणजे मॉडेलवर ६४ मिमी. चाकांचंही सांगतो: जेए-११ ला १६ इंची रिम, किंगला १५ इंची. २०५/७० आर १५ टायरचा व्यास १/२४ मध्ये २७.८ मिमी येतो. स्पेअर बॉक्समध्ये (जुन्या किटमधून उरलेल्या भागांच्या डब्यात) जवळपास तेवढ्याच मापाचे टायर आणि साध्या पोलादी रिम सापडल्या, स्टेपनीसकट पाचही बसल्या.

आता बाकडी. दुसरी रांग ड्रायव्हरपेक्षा उंच, तिसरी त्याहून उंच, म्हणजे पुढच्याच्या डोक्यावरून वाघ दिसावा. सांगाडा १ मिमी पितळी सळईचा, कारण इंचाचा पाइप १/२४ मध्ये १.०६ मिमी होतो. आधाराचे आडवे दांडे त्याच सळईचे, झाळून. फेवीक्विकने चिकटवलेले दांडे हाताळताना सुटतात, झाळकाम एकदा केलं की निश्चिंत. गाद्या स्टायरीनच्या गाभ्यावर एपॉक्सी पुट्टी थापून करतोय. रेक्झिनची गादी बसून बसून मधे दबते आणि शिवणीजवळ ताणलेली राहते. तो दाब पुट्टी ओली असतानाच ओल्या ब्रशच्या दांड्याने द्यायचा.

रंग गडद हिरवा ठरला आहे, पण हवा कोरडी होईपर्यंत स्प्रे नाही. दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक चढते. आणखी एक सावधगिरी: दुकानातलं एन.सी. थिनर उघड्या पॉलिस्टायरीनला खातं, म्हणून आधी प्रायमरचे हलके, जवळजवळ कोरडे थर, मगच रंग. नंबरप्लेट एमएच-३४, चंद्रपूरची.

धुळीसाठी काही जण तिथलीच माती चाळून वापरा असं सुचवतात. भावना समजते, पण ०.१ मिमीचा कण या स्केलला २.४ मिमीचा खडा होतो. मी सॉफ्ट पेस्टल खडू घासून त्याची पूड घेणार आहे, मातकट आणि राखाडी मिसळून. मागचं दार, स्टेपनी आणि मागच्या चाकांमागचा पत्रा यांवर जास्त, बॉनेटवर कमी. गाडी उघडी असल्यामुळे फ्लोअर आणि बाकड्यांच्या शिवणीतही धूळ हवी, मात्र जिथे माणसं बसतात तिथलं रेक्झिन पुसून तुळतुळीत.

ग्रिल अजून हातात घेतलेली नाही. किंगची ग्रिल अगदी समोरून, सरळ रेषेत काढलेला फोटो कुणाकडे असेल तर जरूर द्या. तिसऱ्या रांगेच्या बाकाच्या पायथ्याचा पाइप फ्लोअरला बोल्टने बसवतात की वेल्ड करतात, हेही कुणी जवळून पाहिलं असेल तर कळवा. गाड्यागणिक वेगळं असू शकतं, पण एक खरा नमुना मिळाला की मी तोच धरून करीन.