तुम्ही विचारलंत म्हणून: वनस्पतीच्या पेशीत सेंट्रोसोम नाही, मग नळ्यांच्या ओळी लावतं कोण?

कोल्हापुरात बी.एस्सी.ची मुलं कांद्याच्या मुळाचा स्क्वॅश (टोक मऊ करून काचपट्टीवर दाबून पेशी पाहणं) करायला बसली की हा प्रश्न येतोच. प्राण्यांच्या पेशीत मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे प्रथिनांच्या बारीक नळ्या, सेंट्रोसोम या केंद्रकाजवळच्या ठिकाणापासून निघतात. वनस्पतीच्या पेशीत तो नसतो, तरी नळ्या एका दिशेत कशा?

आपसातल्या टकरींमुळे. वाढत्या पेशीत या साधारण 25 नॅनोमीटर जाडीच्या नळ्या पेशीपटलाला आतून चिकटलेल्या असतात. नवी नळी बहुधा जुनीच्याच अंगावर, गॅमा-ट्यूब्युलिन या नळीची सुरुवात करून देणाऱ्या प्रथिनाच्या संकुलातून फुटते: एकतर समांतर, नाहीतर सुमारे 40 अंशांत. मग कॅटॅनिन हे एन्झाइम तिला बुडाशी तोडतं. सुटी झालेली नळी पुढून वाढत, मागून झिजत सरकते. वाटेत दुसरी आडवी आली आणि कोन 40 अंशांच्या आत असला, तर ती वळून तिच्याच बाजूने चालू लागते, जुडगा होतो. कोन मोठा असला तर ती कोसळून आखडते किंवा ओलांडून जाते, आणि त्या छेदावरही कॅटॅनिन कात्री चालवतं. हे सतत चालल्यावर वेड्यावाकड्या नळ्या गळतात, एका दिशेच्या टिकतात. कॅटॅनिन बिघडलेल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये (प्रयोगशाळेत वापरतात ते छोटं रोप) ओळी विस्कटलेल्या राहतात. ती दिशा आडवी की उभी, यात पेशीच्या कडा, भिंतीतला ताण, हार्मोन, निळा प्रकाश अशा बऱ्याच गोष्टींचा हात असतो.

दिशेला एवढं महत्त्व का, तर पेशीभिंतीचे सेल्युलोजचे धागे बनवणारी प्रथिनांची संकुलं याच नळ्यांच्या रेषेत सरकतात. 2006 मध्ये ती जिवंत पेशीत तशी धावताना दिसली. आडवे धागे म्हणजे पिंपाच्या लोखंडी पट्ट्या: रुंदी आवळली जाते, पेशी लांबते. विभाजनापूर्वी याच नळ्या केंद्रकाभोवती पट्टा करतात. तो पुढे विरतो, पण नवी भिंत येऊन जुळते ती त्याच जागी.

स्क्वॅशमध्ये यातलं काही दिसणार नाही, हेही सांगून टाकतो. ॲसिटिक-अल्कोहोल आणि 60 अंशांवरचं हायड्रोक्लोरिक ॲसिड गुणसूत्रांसाठी ठीक, नळ्यांसाठी नाही. त्या आहेत तशा टिकवायला 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड लागतं, तेही 50 मिलिमोलर पाइप्स (PIPES, पीएच स्थिर ठेवणारं रसायन), 5 मिलिमोलर ईजीटीए (EGTA, कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन), 5 मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, पीएच 6.9 अशा बफरमध्ये. ईजीटीए वगळू नका. कॅल्शियम मोकळं राहिलं की नळ्या मोडून विखुरतात. मुळं फ्रिजमध्ये ठेवून आणू नका, थंडीतही तेच होतं. मग सेल्युलेज-पेक्टिनेज, पेशीभिंत सैल करणारी एन्झाइमं: कमी पडलं तर नळ्यांना चिकटून त्या दाखवणारी अँटिबॉडी आत शिरत नाही, जास्त झालं तर मुळाचा लगदा.

अँटिबॉडी परवडत नसेल तर परिणाम तरी बघा. आपल्याकडे सोयाबीन-भुईमुगात तण उगवण्याआधी मारतात ते पेंडिमेथालिन, नळ्या ज्याच्या बनतात त्या ट्यूब्युलिन प्रथिनालाच चिकटतं आणि नळी बनू देत नाही. धाग्यांची दिशा हरवते, मुळाच्या टोकाच्या पेशी चहूबाजूंनी फुगतात. अशा तणाचं रोप उपटलं तर मुळाचं टोक गदेसारखं जाड दिसतं.